ओरोद्रुइनच्या दाराशी पहारा का नव्हता? सॉरॉनचं नेमकं काय चुकलं

बर्डीचा वाचक
रविवार, रात्री ९.४०

आम्ही सात-आठ जण दर रविवारी सकाळी धरमपेठेत एका मैत्रिणीकडे जमतो आणि टॉल्किनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मोठ्यानं वाचतो. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: सॉरॉन हा मॉर्डॉर देशाचा दुष्ट सत्ताधीश. त्याच्या शक्तीची मुद्रिका फ्रोडो या हॉबिटकडे, म्हणजे बुटक्या जमातीतल्या एकाकडे, आहे. ती फक्त मॉर्डॉरमधल्या ओरोद्रुइन या आगीच्या पर्वतात नष्ट होऊ शकते, आणि फ्रोडो त्याचा सोबती सॅम याच्यासह चोरून तिकडे निघालाय. आज तिसऱ्या खंडातल्या काळ्या दरवाजापर्यंत, म्हणजे मॉर्डॉरच्या दारापर्यंत, पोचलो. चहा आला तेव्हा गटातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "ज्या एका जागी मुद्रिका नष्ट होऊ शकते, तिथे सॉरॉननं दोन ऑर्क, त्याचे राक्षसी शिपाई, उभे केले नाहीत. एवढा मोठा सेनापती, आणि घराचं मागचं दार सताड उघडं? ही लेखकाची सोय आहे."

मला तिथे नीट उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर पुस्तक पुन्हा काढलं, त्यातून हा धागा.

माझं म्हणणं असं, की सॉरॉन गाफील नव्हता. त्याच्यापाशी जी माहिती होती तिच्यावरून त्यानं काढलेला निष्कर्ष कुणीही शहाण्या माणसानं काढला असता. एकदा त्याच्या खुर्चीत बसून पाहू. ५ मार्चला पलान्तीरमध्ये, म्हणजे लांबचं दाखवणाऱ्या जादूच्या दगडात, एक हॉबिट दिसतो. तो दगड सारुमान या फितूर जादूगाराकडचा, म्हणजे मुद्रिकावाला हॉबिट सारुमानच्या कैदेत असणार. दुसऱ्याच दिवशी त्याच दगडातून ॲरागॉर्न समोर येतो. पूर्वी सॉरॉनची मुद्रिका काढून घेणाऱ्या इझिल्डूर राजाचा वंशज, हातात पुन्हा घडवलेली तलवार. सारुमान हरलेला, दगड या नव्या राजाच्या ताब्यात. मग हॉबिटकडची वस्तू कुणाकडे गेली असेल? नऊ दिवसांनी पेलेन्नोरच्या मैदानात सॉरॉनच्या सैन्याचा पराभव होतो आणि पाठोपाठ हा राजा सात हजारांहून कमी माणसं घेऊन थेट मॉर्डॉरच्या दारावर येतो. एवढ्या फौजेनिशी तिथे येण्याचं धाडस कोण करेल? नुकतीच मुद्रिका हाती लागलेला आणि तिच्या जोरावर फुगलेला माणूस. सॉरॉनविरुद्ध लढणारा जादूगार गँडाल्फ, त्यानं मोहीम आखली ती याच हिशेबावर. सॉरॉननं हेच समजावं म्हणून ॲरागॉर्न स्वतः आमिष झाला.

आपल्याकडे 'आपल्यावरून जग ओळखावं' असं म्हणतात. सॉरॉन नेमकं तेच करतो. मुद्रिका त्याला हवी, म्हणून ती प्रत्येकाला हवी. ज्याच्या हाती लागेल तो वापरणार. ती नष्ट करायला कुणी निघेल हा विचार त्याच्या मनाला शिवतच नाही. मुद्रिकेचं काय करायचं ते ठरवणाऱ्या रिव्हेंडेलच्या सभेत गँडाल्फ हेच सांगतो आणि सगळी मोहीम या एका अंदाजावर उभी राहते. जिथे येण्याची कुणाला इच्छाच होणार नाही, तिथे पहारा कशासाठी ठेवायचा?

तुम्हाला हे पटतं का? खलनायक चुकला की 'दुष्टांना अक्कल नसते' म्हणून आपण पुढे जातो. मला ते फार वरवरचं वाटतं.

रामटेकची सून
रविवार, रात्री १०.१५

वाचकभाऊ, छान मांडलंत. लगेच रावण आठवला. आमच्या गडावर रामनवमीला, त्रिपुरी पौर्णिमेला गर्दी असते, तेव्हा सासूबाई ही कथा नातवंडांना दरवर्षी सांगतात. रावणानं ब्रह्मदेवाकडे देव, दानव, यक्ष, राक्षस, नाग, गरुड या सगळ्यांपासून अभय मागितलं. माणसांचं नावच घेतलं नाही, कारण माणूस त्याच्या लेखी गवताची काडी.

पण लिहिता लिहिता फरकही जाणवला. रावणानं माणसाची ताकद कमी धरली. सॉरॉन माणसाची ताकद कमी धरत नाही, ॲरागॉर्नला तो चांगलाच भितो. त्याची चूक ताकदीच्या हिशेबात नाही, समोरच्याला काय हवंय ते ओळखण्यात आहे. या दोन चुका मला वेगळ्या वाटतात. तिरस्कारातून झालेली चूक वेगळी आणि स्वतःचंच मन दुसऱ्यात बघण्यातून झालेली वेगळी.

समर्थांनी दासबोधात चिमट्याचा दाखला दिलाय ना, की स्वतःला चिमटा काढला तर जीव कासावीस होतो, त्यावरून दुसऱ्याचं जाणावं आणि त्याला जपावं. सॉरॉन त्यातलं पहिलं अर्धं करतो. स्वतःवरून दुसऱ्याला जाणतो. पुढचं जपणं त्याच्यात नाही, म्हणून जाणणंही अपुरं राहतं.

वऱ्हाडी पोट्टा
रविवार, रात्री १०.३२

भाऊ, तुमचं म्हननं समजलं, पन मले एक गोष्ट पटून नाही राहिली. फ्रोडो मॉर्डॉरच्या सीमेवरच्या किरिथ उंगोल खिंडीत पकडल्या गेला होता ना? त्याचं मिथ्रिल धातूचं चिलखत, एल्फ या अमर जमातीचा झगा आन सॅमची तलवार सॉरॉनच्या हाती आली. काळ्या दरवाजावर त्याचा दूत तेच सामान ॲरागॉर्न-गँडाल्फले दाखवते. म्हंजे हॉबिट मॉर्डॉरच्या आत आहे हे त्याले माहीत होतं. मंग काहून नाही समजलं त्याले? माह्या आज्यानं असं चिलखत पाह्यलं असतं तर पयले सगळा डोंगर पिंजून काढला असता. राजा, पुरावा तर हातात होता!

बर्डीचा वाचक
रविवार, रात्री ११.०५

पोट्ट्या, प्रश्न अचूक आहे. याच जागी माझी मांडणी डळमळते.

परिशिष्टातल्या तारखांप्रमाणे शॅग्रॅट हा ऑर्क ते सामान १७ मार्चला बराद-दूरला, सॉरॉनच्या किल्ल्यात, पोचवतो. मुद्रिका नष्ट होते २५ मार्चला. मध्ये आठ दिवस. तेवढ्यात पर्वताकडे एक तुकडी सहज पाठवता आली असती. उलट सॉरॉन काय करतो? पकडलेल्याला हेर समजतो आणि त्याचे कपडे सौदा करण्यासाठी वापरतो. गँडाल्फ 'कैदी दाखव' म्हणतो तेव्हा दूत क्षणभर गडबडतो, कारण कैदी त्यांच्याकडे नाहीच.

म्हणजे विरुद्ध पुरावा आला आणि तोही त्यानं जुन्याच समजुतीत बसवला. मुद्रिका ॲरागॉर्नकडे आहे हे पक्कं धरल्यावर आत सापडलेला हॉबिट हेराशिवाय दुसरा कोण असणार?

खंडपीठाचा रस्ता
सोमवार, सकाळी ७.५०

रोजचा धंदा वकिलीचा, म्हणून त्याच अंगानं लिहितो.

फौजदारी खटला जेव्हा केवळ परिस्थितीजन्य पुराव्यावर उभा असतो, तेव्हा काय लागतं हे सर्वोच्च न्यायालयानं १९८४ सालच्या एका निकालात पाच कसोट्यांत सांगितलं. आम्ही त्याला पंचशील म्हणतो. त्यातली मला कायम सर्वांत महत्त्वाची वाटलेली कसोटी अशी, की पुराव्यानं आरोपीचा गुन्हा जुळला एवढ्यानं भागत नाही. त्या पुराव्यातून दुसरी प्रत्येक शक्यता बाद व्हायला हवी.

सॉरॉनची साखळी पहा. पलान्तीरमधला हॉबिट, इझिल्डूरचा वारस, पेलेन्नोरचा विजय, दारावरची छोटी फौज. प्रत्येक कडी 'ॲरागॉर्नकडे मुद्रिका आहे' याच्याशी जुळते. पण तीच प्रत्येक कडी 'ॲरागॉर्न माझं लक्ष वळवतोय' याच्याशीही जुळते. ही दुसरी शक्यता त्यानं कधी फळ्यावर लिहिलीच नाही. नवखे तपास अधिकारी इथेच फसतात. पहिला संशयित मनात बसला की त्यानंतर सापडलेली प्रत्येक वस्तू त्याच्याकडेच बोट दाखवते.

त्यामुळे वाचकसाहेब, 'कुणीही शहाण्यानं हाच निष्कर्ष काढला असता' हे मला मान्य नाही. सामान्य शहाण्यानं काढला असता. ज्याचा जीव एका वस्तूवर टांगलेला आहे, त्यानं दुप्पट तपासायला हवं होतं.

शुभ्रा
सोमवार, दुपारी १.२०

मला आणखी मागे जायचंय. सगळे जण 'सॉरॉनला नष्ट करण्याची कल्पनाच सुचत नाही' हे गृहीत धरून बोलताय. मग पहिल्या खंडाचं दुसरं प्रकरण पुन्हा उघडा. शायरमध्ये, हॉबिटांच्या मुलखात, फ्रोडोच्या घरी बसून गँडाल्फ स्पष्ट सांगतो, की सॉरॉनची समजूत होती की एल्फांनी मुद्रिका नष्ट केली असावी.

मग? एकदा 'ती नष्ट झाली' असं मानणारा पुढे 'ती कुणी नष्ट करेल' हे मनातही आणू शकत नाही, हे कसं?

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लेखकाची चूक समजून सोडून दिलं होतं. आता तसं वाटत नाही. ती मुद्रिका अजून आहे हे सॉरॉनला कळलं तेव्हा त्याला आणखी एक गोष्ट कळली असणार. तीन हजार वर्षांपूर्वी इझिल्डूरनं त्याचं बोट कापून मुद्रिका घेतली, तीही त्याच पर्वताच्या उतारावर. एल्रॉन्ड आणि किर्दान हे एल्फ नेते शेजारी उभे राहून 'आगीत टाक' म्हणत होते. आग हाकेच्या अंतरावर होती. तरी त्यानं टाकली नाही. त्याचा बाप आणि भाऊ नुकतेच मारले गेले होते, शत्रू पायाशी पडला होता. तिला संपवण्याची यापेक्षा चांगली वेळ आणि याहून मोठं कारण असूच शकत नाही. तिथेही ते घडलं नाही.

म्हणजे सॉरॉन आंधळा नव्हता, तो अनुभवातून शिकला होता. आधी त्याला वाटायचं की ही माणसं, हे एल्फ ती नष्ट करू शकतात. मग जगानंच त्याला दाखवलं की करत नाहीत. त्यानं आपलं मत पुराव्याप्रमाणे बदललं, आणि त्या बदललेल्या मतानं त्याचा घात केला.

बर्डीचा वाचक
सोमवार, दुपारी २.१०

शुभ्राताई, हे वाचून ऑफिसात पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. 'आपल्यावरून जग ओळखावं' हे माझं म्हणणं यानं अर्धं होतं. त्यानं इझिल्डूरवरून जग ओळखलं.

आणि त्यात भर घाला. नंतर त्याला जी जी माणसं दिसली ती सगळी हीच शिकवण पक्की करणारी. सारुमानला मुद्रिका हवी. मुद्रिका आधी ज्याच्याकडे होती त्या गॉलमला हवी. माणसांच्या गॉन्डोर राज्याचा कारभारी डेनेथॉर पलान्तीरमध्ये बघत बसलेला, त्याच्या मनातही तीच. उलट ज्यांनी ज्यांनी नकार दिला ते सगळं चार भिंतींत किंवा रानात घडलं. गँडाल्फ फ्रोडोच्या घरी, बॅग एन्डमध्ये, नाही म्हणाला, एल्फांची राणी गालाद्रिएल आपल्या बागेत नाही म्हणाली, डेनेथॉरचा मुलगा फारामीर एका गुहेत नाही म्हणाला. सॅमनं तर हातात आलेली परत केली. यातलं एकही सॉरॉनपर्यंत पोचलं नाही. ज्याला हाव सुटते तो फौज काढतो, आरोळ्या ठोकतो, तो लांबून दिसतो. नाकारणारा हात मागे घेतो आणि गप्प बसतो. बराद-दूरच्या कुठल्याही खिडकीतून ते दिसणार नव्हतं.

महालातला
सोमवार, सायंकाळी ६.४५

थोडं अवांतर, पण मला ते विषयाच्या आतलंच वाटतं.

यंदा तान्ह्या पोळ्याला लेकीला खांद्यावर घेऊन मारबत, म्हणजे वाईटाचं प्रतीक म्हणून मिरवणुकीनं नेऊन जाळतात तो पुतळा, बघायला गेलो होतो. इतवारीत काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात तेव्हाचा तो गलका, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत'... लेकीनं विचारलं, "बाबा, हिनं काय केलं होतं?"

आपल्याकडे सांगतात की काळी मारबत म्हणजे बाकाबाई भोसले, इंग्रजांना मिळालेली राणी. तेवढं सांगून मी थांबलो. पण रात्री झोप येईना. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांची ही विधवा. १८१७ साली सीताबर्डीच्या टेकडीवर आपण हरलो, राजे अप्पासाहेब भोसले पदच्युत झाले, गादीवर तिसरे रघूजी हे अज्ञान मूल बसलं आणि बाकाबाईनं रेसिडेंटाच्या, म्हणजे इंग्रजांच्या प्रतिनिधीच्या, सावलीत वाडा सांभाळला. १८५३च्या डिसेंबरात रघूजी वारसाशिवाय गेले आणि पुढच्या वर्षी डलहौसीनं संस्थान खालसा केलं. वाड्यातली जनावरं, दागिने लिलावात निघाले. एवढं होऊनही १८५७ साली ती इंग्रजांच्याच बाजूनं राहिली.

ती काय समजत असेल? मला वाटतं, तिचा करारावर विश्वास होता. लिहून दिलंय, आपण शब्द पाळला, तर समोरचाही पाळेल. चाळीस वर्षं घर टिकलं ते याच समजुतीवर. ती समजूत १८५४ साली धुळीला मिळाली, तरी तिच्याकडे दुसरी समजूत नव्हती. मी तिची बाजू घेत नाही, आणि मारबत निघूच नये असंही म्हणत नाही. पण पुढच्या वर्षी लेकीनं विचारलं तर 'वाईट होती' एवढंच सांगणार नाही. सॉरॉनवर एवढा वेळ घालवणाऱ्या तुम्हा मंडळींमुळे हे सुचलं, म्हणून इथे लिहिलं.

रामटेकची सून
सोमवार, रात्री ८.३०

महालातले दादा, लेकीला सगळं सांगा. सहा-सात वर्षांच्या पोरांना हे समजतं, माझा अनुभव आहे.

सॉरॉनकडे परत येते. मुद्रिकेच्याही आधीचं एक वळण मला महत्त्वाचं वाटतं. टॉल्किनच्याच 'सिल्मरिलियन'मध्ये सॉरॉनचा धनी मॉर्गॉथ हरल्यावर सॉरॉन वालारांचा, म्हणजे जग सांभाळणाऱ्या देवतांचा, दूत एओन्वे याच्यासमोर शरण येतो. काहींच्या मते तो पश्चात्ताप खरा होता, निदान भीतीपोटी तरी. पण एओन्वेला क्षमा करण्याचा अधिकार नव्हता. त्यानं सांगितलं, पश्चिमेला जा आणि वालारांचा प्रमुख मान्वे याच्यासमोर उभा राहा. एवढी मानहानी सॉरॉनला सोसवली नाही, तो लपून राहिला.

मला वाटतं, पुढचं सगळं इथून सुरू होतं. मान खाली घालण्याची एक वेळ त्यानं टाळली.

बर्डीचा वाचक
सोमवार, रात्री ९.५५

ताई, अगदी. आणि तो लपल्यानंतर त्यानं स्वतःला काय समजावलं, हे टॉल्किननं लिहून ठेवलंय. ते टिपण १९९३ साली 'मॉर्गॉथ्स रिंग' या खंडात त्याचा मुलगा ख्रिस्तोफर टॉल्किन यानं छापलं. मला त्या सगळ्या लिखाणात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

त्यात मॉर्गॉथ आणि सॉरॉन यांच्यातला भेद सांगितलाय. मॉर्गॉथला शेवटी सगळंच मोडायचं होतं, जग असणंच त्याला सहन होईना. सॉरॉन तिथवर गेला नाही. जग असायला त्याची हरकत नव्हती, ते त्याच्या मनाप्रमाणे चालावं एवढंच. मुळात तो औलेचा, म्हणजे कारागिरांच्या देवाचा शिष्य. त्याला शिस्त आवडायची. गोंधळ, वाया जाणारी मेहनत, एकमेकांशी चाललेली घासाघीस यांचा तिटकारा. मॉर्गॉथकडे तो ओढला गेला तोही याच पायी, कारण तिथे ठरवलेलं झटपट घडत होतं.

आता त्याची चुकीची समजूत पहा. त्याला वाटलं, वालार अपयशी ठरले आणि एरूनं, म्हणजे सृष्टिकर्त्यानं, हे जग टाकून दिलं. नूमेनॉर हे माणसांचं बेटावरचं राज्य बुडालं, पश्चिमेची भूमी जगापासून तोडली गेली, याचाही अर्थ त्यानं बहुधा तसाच लावला असावा. मग गँडाल्फ-सारुमानसारखे जादूगार पश्चिमेकडून आले, तर ते कोण? त्याच्या हिशेबात ते हरलेल्या साम्राज्याचे हस्तक. गेलेला मुलूख परत बळकावायला आलेले, वरून कुणाची परवानगी नसताना. हे त्याच्या बाजूनं वाचलं की अंगावर काटा येतो, कारण त्याच्या नजरेत आक्रमक गँडाल्फ आहे.

गँडाल्फला तो ढोंगी समजत असणार. 'मला सत्ता नको' म्हणणारा प्रत्येक जण ढोंगी, कारण आजवर त्यानं पाहिलेला प्रत्येक जण तसाच निघाला.

खंडपीठाचा रस्ता
मंगळवार, सकाळी ८.०५

हे टिपण मी वाचलं नव्हतं, मिळवून वाचतो. एक प्रश्न मात्र सोडवत नाही. हेतू समजला म्हणून दोष कमी होतो का? न्यायालयात शिक्षा ठरवताना हेतू बघतात, पण कृत्य झालं की नाही ते ठरवताना त्याचं वजन फार थोडं. सॉरॉनला स्वतःला राज्य सावरणारा समजू द्या. मॉर्डॉरच्या शेतांवर राबणाऱ्या गुलामांना त्यानं काय फरक पडतो?

शुभ्रा
मंगळवार, दुपारी १२.४०

दोष कमी होत नाही वकीलदादा, आणि कुणी तसं म्हणतही नाहीये. त्याची समजूत कळली नाही तर त्याचा पराभवही कळत नाही, एवढंच.

आता एक गोष्ट, जी मला परवापासून छळतेय. सॉरॉनचं जे मत आपण 'चुकीचं' म्हणून तपासतोय ते शेवटी खरं ठरतं. फ्रोडो पर्वताच्या पोटात, आगीच्या कडेला उभा राहतो आणि मुद्रिका टाकत नाही. 'माझी' म्हणतो, बोटात घालतो. इझिल्डूरसारखंच. टॉल्किननं एका पत्रात म्हटलंय की त्या जागी, त्या क्षणी तिला नाकारणं कुणालाच शक्य नव्हतं. म्हणजे पहारा न ठेवणारा सॉरॉन माणसाच्या कमजोरीबद्दल बरोबर होता!

तो चुकला तो एवढ्यातच, की कुणी तिथवर येऊन पोचेल. आणि पुढे एक गोष्ट त्याच्या कुठल्याच हिशेबात नव्हती. फ्रोडोच्या आधी मुद्रिका बाळगणाऱ्या बिल्बोनं गॉलमला मारलं नाही, फ्रोडोनंही मारलं नाही, शेवटच्या चढावर सॅमनं तलवार उगारून खाली घेतली. तीन वेळा दया झाली, म्हणून तिथे गॉलम होता.

वऱ्हाडी पोट्टा
मंगळवार, दुपारी १.०२

ताई, थांबा जरा. गॉलमले मॉर्डॉरातून सोडलं कोनं? खुद्द सॉरॉननंच ना! पयले त्याचे हाल केले, शायर आन बॅगिन्स हे दोन शब्द काहाडून घेतले, मंग सोडून देल्लं, की हा मुद्रिकेमागं जाईन आन आपल्याले वाट दाखवन. म्हंजे त्याचा अंदाज गॉलमबद्दलबी बरोबरच होता. गॉलम मुद्रिकेमागं गेलाच. शेवटलोक गेला.

बर्डीचा वाचक
मंगळवार, दुपारी १.३०

पोट्ट्या, हे मी तीनदा पुस्तक वाचून कधी जोडलं नव्हतं.

मग गटातल्या त्या ज्येष्ठांना काय सांगू? इझिल्डूरबद्दल तो बरोबर. फ्रोडोबद्दल बरोबर. गॉलमबद्दल बरोबर. प्रत्येक माणसाची हाव त्यानं अचूक मोजली, आणि दोन हावरी माणसं एकाच कड्यावर एकाच वस्तूसाठी झटली तेव्हा ती वस्तू आगीत पडली.

फ्रोडो मुद्रिका घालतो त्या क्षणाचं वर्णन काल रात्री पुन्हा वाचलं. सॉरॉनला एका झटक्यात सगळं दिसतं. स्वतःचा मूर्खपणा आणि शत्रूचे सगळे डाव. सगळ्या युद्धावरून त्याचं मन उडतं, दारावरची फौज डळमळते, त्याचे उडते सेवक नाझगूल पर्वताकडे झेपावतात. पोचेपर्यंत उशीर होतो. आधी मी हे वाक्य फक्त थरार म्हणून वाचत होतो. आता वाटतं, त्या दोन-चार क्षणांत त्याला पहिल्यांदा समजलं असेल की गँडाल्फ खोटं बोलत नव्हता. त्याला मुद्रिका खरंच नको होती.

वर धाग्याच्या सुरुवातीला 'कुणीही शहाण्या माणसानं' असं लिहिलं होतं, ते वकीलसाहेबांच्या आक्षेपानंतर मागे घेतो. बाकी राहू देतो.

महालातला
मंगळवार, रात्री ९.१५

येत्या रविवारी मी आलो तर चालेल का? माझं वाचन पहिल्या खंडाच्या अर्ध्यावर आहे, पण बसून ऐकेन. लेकही यायचं म्हणते.

बर्डीचा वाचक
मंगळवार, रात्री ९.२२

जरूर या दादा, दोघंही. साडेनऊला सुरू करतो. या वेळी पर्वताचं प्रकरण आहे, आणि ते पोट्ट्यानं वाचावं असं माझ्या मनात आहे.